ड्यूटीवर असताना मन सावरायला तुम्ही काय करता? (सिस्टर, ब्रदर, डॉक्टर, आशाताई, मावशी-मामा, सगळ्यांसाठी)

सिस्टर_मिरज

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत इनचार्ज आहे. मिरजेचं वेगळं सांगायला नको. बेळगावकडून नाहीतर पंढरपूरकडून गाडी आली की दवाखान्याची फाईल काखेत धरलेली माणसं उतरतातच. त्या माणसांना सांभाळणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं, यासाठी हा धागा काढतेय.

ध्यान करा, कृतज्ञ राहा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहाटे उठा, अर्धा तास मांडी घालून बसा. पण जी बाई नाईट करून सकाळी नऊला घरी पोचते, पोरांचे डबे सासूबाईंनी केले असतील का या काळजीतच कुलूप उघडते, तिनं हा अर्धा तास कुठून काढायचा? म्हणून माझी विनंती अशी, की ड्यूटीच्या आत बसतील अशाच गोष्टी इथे लिहा. आमच्या युनिटमध्ये जे चालतं ते आधी मी सांगते.

पहिलं हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं जंतुनाशक. एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना हात चोळायचेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या पद्धतीनं नीट चोळले तर २० ते ३० सेकंद जातात, साबणपाण्यानं धुतले तर ४० ते ६०. एवढ्या वेळात सावकाश दोन-तीन श्वास होतात. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, जिथं हात फिरतोय तिथंच लक्ष ठेवायचं आणि श्वास जरा लांबवून सोडायचा. मागच्या बेडवर जे झालं ते तिथंच ठेवून पुढच्या पेशंटकडे जायचं. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि हात धुणंही घाईत उरकलं जात नाही.

दुसरं ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना येणाऱ्यांना पेशंटची माहिती देणं. ओव्हर देऊन झाली की जाणाऱ्या शिफ्टमधलं कुणीतरी एक वाक्य सांगतं: आज कुणाचे आभार आणि नेमके कशाचे. ते फुलस्केप वहीत लिहायचं. 'सगळ्यांनी छान सहकार्य केलं' असलं वाक्य आम्ही घेत नाही. 'चार नंबरच्या आजोबांना कुशीवर वळवायला ब्रदर न बोलावता आले', 'लॅबनं पोटॅशियम वाढल्याचं रिपोर्टची वाट न बघता फोनवर कळवलं', 'हात सुजलाय असं मावशींनी सांगितलं, म्हणून सलाईन वेळेत थांबवता आलं', हे असं हवं. ऐकणाऱ्यांना त्यातून कामही कळतं.

तिसरं, पेशंट गेल्यानंतरचं एक मिनिट. मॉनिटर बंद करतो, आणि नळ्या काढायला हात लावायच्या आधी कॉटभोवती जे असतील ते सगळे एक मिनिट नुसते उभे राहतात. एक जण एवढंच म्हणतो, की हे कुणाचे तरी वडील होते, कुणाचे तरी भाऊ होते, आणि आपण सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रयत्न केले. ही रीत अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स या नर्सनं 'द पॉज' या नावानं सुरू केली आणि तिथून ती कितीतरी देशांत गेली. आमच्याकडे आता निवासी डॉक्टरही थांबतात. त्यानंतरची सगळी कामं तेच हात करतात, पण वेगळ्या तऱ्हेनं करतात, हे मी रोज बघते.

आता तुम्ही सांगा. वॉर्डातलं, ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं), उपकेंद्रातलं, ॲम्ब्युलन्समधलं, कुठलंही.

हरिपूरकर

सिस्टर, छान लिहिलंय. मी सांगलीत डायलिसिस टेक्निशियन आहे. मनात आहे ते सरळ विचारतो, राग मानू नका.

मी आधी जिथं होतो तिथं एकाच महिन्यात दोन टेक्निशियन सोडून गेले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि त्याच महिन्यात हॉलमध्ये 'ताणमुक्ती'चं सेशन ठेवलं. ज्यांचा ऑफ होता त्यांनाही बोलावून घेतलं. डोळे मिटा, जे मिळालंय त्याचे आभार माना. तिकडे माझ्या जोडीदाराच्या एकट्याच्या अंगावर मशिनं आणि पेशंट टाकलेले, आणि मी इथं डोळे मिटून बसलेलो. सुया घालायच्या, दर अर्ध्या तासाला बीपी बघायचं, कुणाला पोटऱ्यांत गोळे येतायत, कुणाचं बीपी खाली चाललंय, हे सगळं एकट्यानं!

थकलेल्या माणसाला आभार मानायला सांगणं म्हणजे तक्रार करू नकोस असं सांगणं तर नव्हे ना? तुमच्या युनिटमध्ये तसं नसेल, पण दुसरीकडे ही वही कशी वापरली जाईल याची मला खरंच भीती वाटते.

डॉक्टर_विश्रामबाग

हरिपूरकर, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे पेशंट म्हणून येणाऱ्यांत डॉक्टर आणि सिस्टर बऱ्याच असतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचं नीट निवारण झालं नाही की ही अवस्था येते, असं तिथं म्हटलंय. अंगातलं त्राण जातं, कामापासून मन तुटतं किंवा कडवट होतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. मुळात ताण जर कामातून येत असेल, तर एकट्या माणसाच्या डोळे मिटण्यानं तो पुरता जाणार नाही. हे मी माझ्या पेशंटनाही पहिल्याच भेटीत सांगतो, कारण त्यांतले निम्मे स्वतःला कमकुवत समजून आलेले असतात.

संशोधनही हेच सांगतं. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ध्यानासारख्या वैयक्तिक उपायांनी थोडा फरक पडतो आणि कामाचे तास, कामाची रचना बदलण्यानंही पडतो, असं त्यात दिसलं. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, जामा इंटर्नल मेडिसिन या दुसऱ्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात संस्थेनं केलेल्या बदलांचा परिणाम वैयक्तिक उपायांपेक्षा मोठा निघाला. तुमच्या मॅनेजमेंटनं पुन्हा सेशन ठेवलं तर हे दोन्ही आढावे त्यांच्यापुढे ठेवा.

मग ध्यान करायचंच कशाला? जागा भरेपर्यंतसुद्धा आजची नाईट तुम्हालाच करायची असते, म्हणून. त्या रात्री शरीराला थोडी उसंत मिळाली तर ती तुमची असते, मॅनेजमेंटची नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. व्हेगस नावाची नस हे काम करते. श्वास सोडायला जास्त वेळ दिला, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास ठेवले, की धडधड आणि छातीवरचं दडपण कमी होताना जाणवतं. यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. ध्यानाच्या कार्यक्रमांवरच्या ४७ चाचण्या, एकूण ३,५१५ माणसं, असा आढावा २०१४ मध्ये निघाला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम बळाचा पुरावा मिळाला. औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचं मात्र दिसलं नाही. एवढीच अपेक्षा ठेवून करावं.

आता कृतज्ञता. या विषयावर एमन्स आणि मॅकलॉ यांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, पण त्यात बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी होते. आपल्या जवळचा अभ्यास हाँगकाँगचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. सरकारी रुग्णालयांतल्या १०२ आरोग्य कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकानं कामातल्या आभाराच्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कामातल्या कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं काहीच नाही. आठवड्यातून फक्त दोनदा, चार आठवडे. आभार लिहिणाऱ्यांचा ताण आणि उदासी कमी झाली, तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फरक होता, जरी सुरुवातीचा वेग राहिला नव्हता. कटकटी लिहिणाऱ्यांना असा फायदा झाला नाही. रोज लिहावंच लागतं असं नाही, हे यातून घ्यावं. रोजच्या सक्तीनं ते हजेरीसारखं होऊन जातं.

नाईट_पीजी

सर, मी मेडिसिनला निवासी डॉक्टर आहे, दुसरं वर्ष. परवाच्या नाईटला तीन वाजता एक तरुण पेशंट गेला. ऑरगॅनोफॉस्फरस, म्हणजे द्राक्षबागेत फवारायचं कीटकनाशक प्यायलेला. चाळीस मिनिटं सीपीआर चालला. बाहेर त्याची आई माझ्या ॲप्रनला धरून बसली होती. तिला दूर करून मला पुढची ॲडमिशन घ्यायची होती.

त्या रात्री मी कुठल्या गोष्टीचे आभार मानायचे? मला हे खरंच समजून घ्यायचंय.

डॉक्टर_विश्रामबाग

कुठल्याच नाही. त्या रात्री दुःखच व्हायला हवं, आणि तुम्हाला ते झालं याचा अर्थ तुमचं मन अजून कामापासून तुटलेलं नाही. दुःखावर कृतज्ञतेचं पांघरूण घालायचा प्रयत्न केला की दोन्ही खोटी होतात. त्या वेळी सिस्टरनी सांगितलेलं ते एक मिनिट उपयोगी आहे, कारण त्यात आभार मानायचे नसतात, फक्त जे झालं ते झालं म्हणून थांबायचं असतं. पुढची ॲडमिशन एका मिनिटानं खोळंबत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोला. सहकारी, मोठा भाऊ, कुणीही. झोप उडाली, ड्यूटीला जायच्या नुसत्या विचारानं मळमळू लागलं, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांकडे हात जाऊ लागला, जीव नकोसा वाटला, तर ध्यान करत बसू नका. सरळ आमच्यापैकी कुणाकडे या. ओळखीचे लोक बघतील म्हणून संकोच वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. आपण पेशंटना हा नंबर देतो, स्वतः मात्र वापरत नाही.

विषाच्या केसेसमधली आपल्याकडची तरुण पोरं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

नाईट_पीजी

थँक्यू सर. आज बोलतो.

जतची_आशा

सिस्टर, डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी जत तालुक्यात आशा हाय. आमचं गाव कर्नाटकच्या शिवेला, निम्मी घरं कानडी बोलत्यात. आमच्याकडं एसी वॉर्ड न्हाई, हँडरबची बाटली पर्समधी असती. पण माझं बी सांगावं वाटलं.

बाळंतीण घरी आली की आमाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावं लागतं. जाऊन बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध पितंय का बगायचं. आणि श्वास मोजायचा, घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट. साठ किंवा साठच्या वर गेलं तर परत मोजायचं, तरी तेवढंच आलं तर दवाखान्यात धाडायचं. ते मोजताना मोबाईल वाजला तरी मी घेत न्हाई. बाळाचा झबला वर करायचा आणि पोटाकडं बघत ऱ्हायचं. नवीन बाळाचा श्वास सारखा नसतो, मधीच भरभर, मधीच थांबल्यागत, त्यामुळं नजर हलवून चालत न्हाई. घरात सासू बोलत असती, बाहेर शेरडं ओरडत असत्यात, पण त्या मिनिटाला मला दुसरं काय ऐकू येत न्हाई. ट्रेनिंगला आमाला कुणी ह्याला ध्यान म्हणून शिकवलं न्हाई. पण दिवसभर सर्व्हे, मीटिंग, मोबाईलवर माहिती भरणं ह्याच्यात डोकं जड झालं की मला त्या मिनिटाची आठवण येती.

आभाराचं म्हणाल तर आमाला कुणी म्हणत न्हाई. मोबदला वेळेवर येत न्हाई, त्यासाठी आमी मोर्चाला बी जातो आणि जाणार. पण जिचं बाळ कमी वजनाचं होतं ती बाई बेचाळिसाव्या दिवशी बाळ माझ्या मांडीवर ठेवती आणि "आता तूच बघ किती भरलं" म्हणती, ती नोंद मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर करून ठेवती. नाव न्हाई लिहीत, फक्त वजन लिहिती. पहिलं आणि शेवटचं. पानावर जोडीजोडीनं नुसते आकडे हायत. मोबदला अडकला, कुणी टाकून बोललं, तर ते पान उघडती.

सिस्टर_मिरज

आशाताई, तुमचं हे मी उद्या माझ्या पोरींना वाचून दाखवणार आहे.

श्वास मोजण्याबद्दल एक सांगते. आयसीयूत श्वासाचा आकडा मॉनिटरवर दिसतो, तोच चार्टवर उतरवला जातो. आता आम्ही असं ठरवलंय, की शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येकीनं आपल्या पेशंटचा श्वास एकदा तरी छातीकडे बघून, पूर्ण मिनिट मोजायचा. त्यात पेशंटची मान, बरगड्यांमधली ओढ, चेहऱ्यावरचा घाम, सगळं दिसतं, जे मॉनिटर सांगत नाही. आणि त्या मिनिटात सिस्टरचा श्वासही जागेवर येतो. नव्या पोरींना मी हे ध्यान म्हणून सांगत नाही, नर्सिंग म्हणूनच सांगते.

निवृत्त_मेट्रन

मुलींनो, बऱ्याच वर्षांनी इथे काही लिहावंसं वाटलं.

मिरजेत सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि त्या परंपरेत वाढलेल्या सिस्टरांच्या हाताखाली मी शिकले. ड्यूटी सुरू होण्याआधी वॉर्डाच्या टोकाला सगळ्या जमून प्रार्थना व्हायची. मी काही ख्रिस्ती नाही. माझ्या शेजारी उभी राहणारी मुसलमान होती, पलीकडची जैन. आम्ही हात जोडून आपापल्या देवाला आठवायचो आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या सीनियर सिस्टर प्रार्थनेत पेशंटची नावं घेत. 'डायबेटिक फूट', 'बेड सात' नाही, पुरतं नाव आणि गाव. तासगावच्या अमक्या, म्हैसाळच्या तमक्या. ड्यूटीला सुरुवात होण्याआधी तीस-पस्तीस नावं कानावरून गेलेली असत. त्यामुळे दिवसभर कुणाला नंबरानं हाक मारायची जीभच होत नसे. तुम्ही आभाराची वही ठेवता तशी पेशंटच्या नावांची ही पद्धत कुणी पुन्हा सुरू केली तर मला फार आनंद होईल.

एक कळकळीची सूचना. प्रार्थना असो, ध्यान असो की वही, त्याची हजेरी घेऊ नका. पुढे एका ठिकाणी प्रार्थनेला न येणाऱ्या मुलींना रजा देताना अडवलं गेलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवसापासून त्या वॉर्डातली प्रार्थना मेली, नुसत्या ओळी म्हटल्या जात राहिल्या. ज्या मुलीला त्या वेळेत कोपऱ्यात बसून चहा प्यायचा आहे तिला पिऊ द्या. तिला त्याचीच गरज असेल.

कुपवाडची_लेक

मी दवाखान्यात काम करत नाही, पण माझी आई वॉर्डात मावशी आहे. कंत्राटावर. मला एकच विचारायचंय, या आभाराच्या वहीत मावशी-मामांची नावं येतात का? आणि त्यांना स्वतःला काही लिहायला मिळतं का?

विचारण्याचं कारण असं. बेडपॅन, उलटी, पिवळ्या पिशव्यांतला कचरा, बॉडी गुंडाळताना पाय धरायला, सगळीकडे आई असते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या नातेवाइकांच्या घरात गळ्यापर्यंत पाणी, आणि आई नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दवाखान्यातच मुक्कामाला होती, कारण बदली माणूस येऊ शकत नव्हता. पुढच्याच वर्षी कोविड. तेव्हा टाळ्या वाजल्या त्या डॉक्टर-नर्सना. आईनं त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. पण मध्ये एकदा घरी आल्या आल्या तिनं सांगितलं, "आज सिस्टरनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं." चप्पल काढायच्या आधी सांगितलं. ती कुठलं तरी मोठं काम सांगेल असं मला वाटलं, पण काम एवढंच होतं, की एका म्हातारीचं कानातलं बेडशीटमध्ये गेलं होतं आणि लाँड्रीत जायच्या आधी आईनं ते शोधून काढलं होतं.

सिस्टर_मिरज

येतात, ताई. आमच्या वहीत सगळ्यात जास्त नावं मावशींचीच आहेत. आणि मावशींना लिहायचं नसेल तर त्या सांगतात, आम्ही लिहितो. मावशींनी सांगितलेलं वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारायचं नाही, असा नियम आहे. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

ब्रदर_वाळवा

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोविडचे पेशंट सापडले तेव्हापासून मी या कामात आहे. डोक्यातून ते दिवस पूर्ण गेलेले नाहीत, पीपीई किट घातल्यावर आपलाच श्वास कानात वाजायचा तो अजून झोपेत ऐकू येतो. मित्र म्हणतो दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये, सगळं धुऊन निघेल. डॉक्टर, जावं का?

डॉक्टर_विश्रामबाग

आधी मला किंवा दुसऱ्या कुणा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, मग ठरवू. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर खूप लोकांना लाभतं, माझ्या ओळखीतल्या अनेकांना लाभलंय. पण ते दहा दिवसांचं मौन आणि दिवसाला जवळपास दहा तासांची बैठक असते. जुना धक्का आत ताजा असेल तर एवढ्या शांततेत तो एकदम वर येऊ शकतो. केंद्राचे लोक अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका.

आणि तुमच्या बाबतीत विशेष सांगतो. श्वासाचा आवाजच जर किटची आठवण आणत असेल तर श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान सध्या करू नका. डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, खोलीतल्या दिसणाऱ्या वस्तू मनात मोजा, किंवा चाला. कृष्णाकाठी चालायला तुमच्याकडे जागेची कमी नाही. ध्यान म्हणजे श्वासच असं काही नाही.

फार्मसीवाला

आमच्या घरी सामायिक हे जैनांचं ध्यान करतात, ४८ मिनिटं एका जागी, समभावात. लहानपणापासून पाहिलंय. हॉस्पिटलच्या फार्मसीत काउंटरवर उभं राहून ते शक्य नाही, म्हणून मी रात्री घरी करतो. काउंटरवर मात्र एवढंच पाळतो, की औषधाच्या पिशवीत डोस लिहून झाला की मान वर करून समोरच्या माणसाकडे बघायचं आणि मगच पिशवी द्यायची. रांग कितीही असो.

तंबोरा_मिरज

मी भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत राहून तंबोरा घरात नसेल असं कसं होईल! सतारमेकर गल्लीतून घेतलेला आहे. ओटीची यादी संपवून आलो की पंधरा-वीस मिनिटं तंबोरा छेडत नुसता षड्ज लावतो, गाणं म्हणत नाही. डॉक्टरांनी लांब श्वास सोडण्याबद्दल लिहिलं तेच सूर लावताना आपसूक होतं. ज्यांना गाता येत नाही त्यांनी भ्रामरी करावी, ओठ मिटून गुणगुणावं, ओटीच्या चेंजिंग रूममध्येही जमतं. दिवसभर मॉनिटरचे बीप ऐकलेल्या कानांना एक स्थिर सूर फार बरा वाटतो.

हरिपूरकर

सगळं वाचलं. मेट्रन मॅडमचं हजेरीबद्दलचं म्हणणं मनाला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दोन्ही आढावे मी उतरवून घेतलेत.

सिस्टर, तुम्ही दिलेलं पहिलंच उदाहरण मी परत वाचलं. आजोबांना वळवायला ब्रदर न बोलावता आले. आता असं बघा, असे आभार महिन्याभरात त्याच ब्रदरचे सारखे सारखे येत असतील, तर त्याचा अर्थ त्या शिफ्टला एक माणूस कमी आहे आणि तो ब्रदर दुसऱ्याच्या वाटणीचं ओढतोय. म्हणजे तुमच्या आभाराच्या वहीतच माणसं कुठं कमी आहेत याचा पुरावा पडून आहे. तुम्ही तो कधी काढून बघितलाय का?

सिस्टर_मिरज

दादा, बघितलाय, आणि त्यातूनच आमच्या वहीची रचना बदलली. पहिल्या पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे.

डाव्या पानावर आभार लिहितो. उजव्या पानावर, त्याच ओळीसमोर, ते आभार मानायची वेळ का आली ते. म्हणजे डावीकडे 'ब्रदर न बोलावता आले', उजवीकडे 'नाईटला आठ पेशंटमागे तीन सिस्टर, व्हेंटिलेटर चार'. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक सिस्टर हा निकष सगळ्यांना पाठ आहे. उजवं पान वाचलं की त्यापासून आपण किती लांब आहोत ते तारखेसकट दिसतं. डावीकडे 'लॅबनं फोन केला', उजवीकडे 'प्रिंटर बंद'. हाँगकाँगच्या अभ्यासात नुसत्या कटकटी लिहून फायदा झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, ते मला पटतं. लिहिलेलं कुणी वाचणार नसेल तर कशाला फायदा होईल? म्हणून महिन्याच्या मीटिंगला उजवी पानं टाईप करून मॅनेजमेंटला देतो. डावी पानं देत नाही. ती भिंतीवर लावू, बक्षीस देऊ, असं एकदा विचारलं गेलं होतं, तेव्हा सगळ्यांनी मिळून नको म्हटलं. बक्षीस आलं की पोरी एकमेकींची नावं वाटून लिहायला लागतील.

प्रिंटर आला. नाईटची एक सिस्टर वाढली, तीन महिने पाठपुरावा केल्यावर. दुसरी अजून वाढलेली नाही, ती ओळ उजव्या पानावर अजून पडतेच आहे.

डॉक्टर_विश्रामबाग

हे फार मोलाचं आहे, सिस्टर. ध्यानाच्या कुठल्याही प्रशिक्षणात मला हे ऐकायला मिळालेलं नाही. माझी एक सूचना: उजव्या पानावर माणसाचं नाव लिहू नका, फक्त परिस्थिती लिहा. नाहीतर पान हरवलं तर कुणावर तरी बालंट येईल.

सिस्टर_मिरज

बरोबर, तसंच करतो. पेशंटचं नावही कुठल्याच पानावर नसतं.

हरिपूरकर

मग आमच्या युनिटमध्ये सुरू करायला माझी ना नाही. डायलिसिसला ओव्हर फार घाईची असते, एक बॅच उतरतेय आणि दुसरी दारात उभी. आम्ही आठवड्यातून दोनदाच करू, बुधवारी आणि शनिवारी, शेवटची बॅच गेल्यावर मशिनला निर्जंतुकीकरण लावलं की तेवढा वेळ मिळतो. लिहिणार टेक्निशियन आणि मावशी दोघंही. मेट्रन मॅडम म्हणाल्या तसं, ज्याला चहा प्यायचाय त्यानं चहा प्यावा.

जतची_आशा

सिस्टर, त्या वहीच्या दोन पानांचा फोटो टाका की, नावं झाकून. पीएचसीला आमची महिन्याची मीटिंग असती. आमच्या गटप्रवर्तक ताईंना दाखवती. उजव्या पानावर पहिली ओळ मोबदल्याची पडंल.

सिस्टर_मिरज

टाकते, ताई. आज इव्हिनिंग आहे, रात्री नऊच्या पुढे टाकेन.